अर्धी गोळी, पण सगळी

मूल जगतं ते आईबापांच्या पुण्याईवर, असं आमच्या घरात सगळेच मानत. ऐंशीच्या दशकात आमची मुलगी काही महिने अर्ध्या गोळीवर होती.

जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी तिला झटके आले. डावी मूठ ठरावीक लयीत उडायची, डोळे एका जागी थिजायचे. इंजेक्शनने ते थांबले आणि फेनोबार्बिटोनच्या गोळ्या घेऊन आम्ही कळव्याला घरी आलो. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. आठवड्याभरात झटके परतले. ठाण्याच्या डॉक्टरांनी गोळी अख्खी केली. तरी मूठ उडतच राहिली.

मी शिकलेला बाप. वही आखली होती: वेळ, हात, डोळे, किती सेकंद. डॉक्टरांनी ती मन लावून वाचली आणि म्हणाले, "आता दुसरं औषध जोडावं लागेल. त्यासाठी मुंबईला दाखवा." बायकोने मुलीला छातीशी घट्ट धरलं.

चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "गोळी देता कशी?"

उत्तर माझ्या आत्याने दिलं. बाळंतपणासाठी ती डोंबिवलीहून आली होती आणि बाळगुटीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "सहाणेवर उगाळून. आईच्या दुधात, तीन वेढे."

"आणि उरलेली गोळी?"

"पुसून डबीत ठेवते. जायफळ काय रोज नवं घेतात? एक गोळी चार दिवस जाते."

गोळ्या संपत नाहीत हे मी पाहिलं होतं. घरात काटकसर आहे, असं वाटून मला बरंही वाटलं होतं. वहीत त्याला रकाना नव्हता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आत्याबाई, हे जायफळ नाही हो."

"एवढीशी पोर, एवढं कडू कसं घालायचं?"

"घालायचं. पुन्हा अर्ध्यावर येऊ. अर्धीच, पण सगळी. कुटून, चमच्याने." मुंबईची चिठ्ठी त्यांनी फाडली. बायको रडली आणि मग इतकी हसली की बाहेरचे पेशंट डोकावले.

चार दिवसांत मूठ शांत झाली. महिनाभर वहीत काही लिहावं लागलं नाही. आत्याने याचं श्रेय गावच्या देवीला दिलं आणि नवस फेडायला आम्हा सगळ्यांना नेलं. ओटी भरायला रांग मोठी होती. औषधाची वेळ झाली म्हणून देवळाच्या पायरीवरच, आत्यानेच, मुलीला अर्धी गोळी कुटून दिली.