घंटाबाईने वाहिलेली फोलपटं

घंटाबाई देवाशी भांडायची. लोक त्याला प्रार्थना म्हणायचे, पण होतं ते भांडणच. धामणगाव बढ्याकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. रविवारी मातीच्या देवळात ती उभी राहिली की बाकीच्या दहा घरांनी माना खाली घालायच्या. "देवबापा, मागच्या रविवारी बी सांगतलं होतं. मार्थीच्या पोरीचा ताप उतरून नाही राह्यला. तू करतं काय वर बसून?" पाद्रीबुवा खोकायचे. तिला त्याचं काही नव्हतं. म्हणायची, "तो बहिरा नाही. पण त्याले दहा डाव सांगा लागते."

तिचं खरं नाव कोणी घेत नसे. मलकापुराहून आणलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा देवळापुढच्या निंबाला टांगला होता. तो ती लोखंडी खिळ्यानं बडवायची, म्हणून घंटाबाई. शेजारचा पाटील म्हणे, तुमचा देव उठला, आता माझी म्हैस पान्हा चोरणार.

प्लेगात सारं गाव रानात झोपड्या करून राहिलं, तेव्हा तिचा नवरा आणि दोन्ही पोरी झोपडीतच गेल्या. धाकटीला शनिवारी पुरलं आणि रविवारी हिनं रूळ बडवला. गावात तेव्हा कुत्रंही नव्हतं. मी पुढं विचारलं, काऊन गेली होती? म्हणाली, "तो माह्या झोपडीत नाही आला. मंग मीच गेली त्याच्या घरी. जाब नको विचारू?"

आमच्यात दळायला बसताना बाया एक मूठ ज्वारी देवाच्या मडक्यात टाकतात. रविवारी ती देवळात वाहायची, आणि मग ज्याची चूल पेटली नसेल त्याच्या घरी द्यायची. माझी बायको सगुणा ती मूठ कधी चुकली नाही. घरात ज्वारी तळाला गेली असतानाही टाकायची. त्यावरून मी तिला नाही नाही ते बोललो आहे.

सगुणा तापानं गेली. तीन आठवडे मी गुडघे सोलेस्तोवर प्रार्थना केली. काही उपयोग झाला नाही. मग मी पाद्रीबुवांना निरोप धाडला, मंडळीतून माझं नाव खोडा, आपलं आणि देवाचं संपलं. पाद्रीबुवा आले नाहीत. घंटाबाई आली, दारात उभी राहिली.

"नथ्थू, मूठ दे."

"माह्या घरून तुमच्या देवाले काही नाही भेटणार."

"काहीच नाही? शिवी बी नाही?"

माझं डोकं फिरलं. सुपाजवळ पाखडलेली फोलपटं पडली होती, ती सगुणाच्या मडक्यात कोंबली आणि मडकं घंटाबाईच्या हातात दिलं. "हे द्या त्याले. सांगा, नथ्थूनं धाडलं."

वाटलं, तोंडावर फेकेल. तिनं मडकं पदराखाली झाकून नेलं.

रविवारी मी निंबामागं उभा राहिलो. देवळात साऱ्यांच्या ज्वारीच्या मधोमध तिनं माझं मडकं ठेवलं. "देवबापा, हे नथ्थूचं. तू त्याची बाई नेली, त्याच्या घरी आता एवढंच उरलं. नाक मुरडू नको. घे." पाद्रीबुवा मडकं बाजूला सारायला गेले, तर तिनं त्यांचं मनगट धरलं. कोणी हसलं नाही.

मी आत गेलो. पश्चात्ताप वगैरे काही नाही, मडकं सगुणाचं होतं, ते परत आणायला गेलो. "आला तं बस," ती म्हणाली. बसलो. मग बराच वेळ मला उठता आलं नाही.

पुढं तिनंच मला भांडायला शिकवलं. मी म्हटलं, अशानं शांती भेटते का? "शांती मेल्यावर. ज्याच्याकून आशा नाही, त्याच्याशी कोणी भांडते का बे?"

मागल्या आखाडीला ती गेली. तिला पुरून आलो तेव्हा पाद्रीबुवा म्हणाले, आता प्रार्थना जरा शांतपणे होईल. रविवारी मी खिळा उचलला. पाटलाच्या म्हशीनं पान्हा चोरला तर चोरला. आत जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "देवबापा, आमची घंटाबाई तिकडं आली असंल. तिले सगुणाजवळ बसव. अन् तिचं आयकून घेत जाय."

दळण आता मीच दळतो. मूठ टाकतो, चुकत नाही. पण ज्वारीत चार फोलपटं राहू देतो. कोणाच्या घरची मूठ आहे, ते त्याला कळावं.