कोरे रकाने

तहसील कार्यालयात माझ्या शेजारी बसणारे बाबू तक्त्यावर लाकडी पट्टी ठेवून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात. मला त्याचा त्रास व्हायचा, पण मी कधी बोलले नाही.

जुलैत एका गावाने धानाच्या रोवणीसाठी कालव्याचं पाणी मागितलं. मी त्या गावाच्या पावसाची रोजची सरासरी संगणकावर काढली. ती पुरेशी निघाली, म्हणून अर्ज नाकारण्याचं पत्र टाइप करून साहेबांकडे सहीला पाठवलं.

त्या गावाचा पावसाचा तक्ता वाचताना बाबूंची पट्टी मध्येच थांबली. "बेटा, हे रकाने कोरे काहून?"

"पावसाची नोंद ठेवणाऱ्या गावच्या कोतवालांनी काही लिहिलंच नव्हतं."

"पाणी नाही पडला तं तो लिहीतच नाही. तुया कंप्युटरनं ते दिवसच सोडून देल्ले."

त्यांनी कोतवालाला फोन लावून एकेक तारीख विचारली. "कोरडा? शून्य टाक, बेटा." मी टाकत गेले. सरासरी निम्म्याच्याही खाली आली.

नवा तक्ता घेऊन ते साहेबांकडे गेले. मी दाराशी उभी होते.

"साहेब, पहिला हिशोब माया हातून चुकला," ते म्हणाले.

साहेब त्यांना बरंच बोलले, मग पाणी सोडण्याच्या शिफारशीवर सही केली. चूक माझी होती, हे सांगायला मला फक्त दोन पावलं आत जायचं होतं. मी गेले नाही.