दीड फेरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, पुण्यातल्या भावाला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला सांगायला मला नऊ वर्षं मिळाली होती — ती गेल्या जुलैत संपली. आता तुम्हीच आहात. जरा बसा. मी सावकाश लिहितो, आणि मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल.

ती म्हणजे मेधा, माझी बायको. कोल्हापूरची. ख्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये आमचं जुनं लाकडी घर. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतो, ती फिजिओथेरपिस्ट. मुलगी शिकायला म्हणून ऑकलंडला अल्बनीत गेली ती तिकडेच राहिली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. पन्नाशी ओलांडल्यावर मेधानं धनुष्य हातात घेतलं. ग्रॅहम नावाचा तिचा एक पेशंट होता — शेतांना कुंपणं घालून देणारा म्हातारा शिकारी. तिनं त्याचा खांदा बरा केला, त्यानं तिला बाण मारायला शिकवलं. दोन वर्षांत ती अशी तयार झाली की एकदा जेवताना, आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला वापिटी मारायचाय."

वापिटी म्हणजे एल्क. घोड्याएवढं हरीण. दक्षिणेला फियोर्डलंडच्या डोंगरांत असतं. पानगळीच्या दिवसांत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलात, नर शीळ घालतात आणि शिकारी त्या शिळेच्या मागावर जातात. ग्रॅहमची चौघांची टोळी होती. त्यात एक जागा रिकामी झाली होती.

मग धनुष्य निवडायची वेळ आली. आणि घरात ग्रंथालयातला नवरा असताना निवड कुणी करायची? मी महिनाभर वाचलं. तक्ता केला — ओढीचं वजन किती पौंड, बाण किती जड, किती ताठ, टोक कुठलं. एवढ्या मोठ्या जनावराला साठ पौंडांच्या खालचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य नको, बाण हलका आणि वेगवान हवा, टोक लागताक्षणी उघडणारं हवं, हा माझा निष्कर्ष. मी स्वतः आयुष्यात एकदाही दोरी ओढलेली नव्हती.

दुकानात मेधानं साठ पौंड ओढले. ओढले — पण हात आभाळाकडे नेऊन, दातओठ खाऊन. ग्रॅहम म्हणाला, "आता गुडघ्यावर बस. जनावर तुझ्याकडे बघतंय. सावकाश ओढ." जमलं नाही. मग त्यानं धनुष्याच्या दोन्ही पात्यांचे बोल्ट थोडे सैल केले, ओढ चोपन्नवर आणली, आणि तिनं ती बसल्या बसल्या, गप्पा मारत ओढली. तिनं चोपन्न घेतलं. बाण जड घेतले. टोक साधं, दुधारी, उघडमिट नसलेलं. माझ्या तक्त्यातलं एकही नाही. ग्रॅहमनं तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "झकास आहे, मेट. हा कशानं सोडायचा?"

मेधा हसली. काउंटरला टेकून, डोळे पुसत हसली. मीही हसलो.

तिथून सुरू झालं का? की तसं म्हणून मी स्वतःला सोपं करून घेतोय? एखाद्या हसण्यानं माणूस एवढा खाली जातो का? जातो. मी गेलो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आईच्या वेळी विळी, अडकित्ता, कात्री असायची. रिकार्टनच्या घरात स्वयंपाकाच्या सुऱ्या, माझा लॅपटॉप, आणि त्या वर्षी मधोमध मेधाचं धनुष्य. झेंडू इथे त्या दिवसांत मिळत नाही. अंगणातल्या कोवाईला मात्र तेव्हाच पिवळा बहर असतो, ती फुलं वाहायची. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे मेधा कटाक्षानं पाळायची. दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघन म्हणून ती ग्रॅहमसमोर चाळीस मीटरवरून सहा बाण मारणार होती, आणि तिला टोळीत घ्यायचं की नाही ते तो तिथेच ठरवणार होता.

म्हणजे अख्खा दिवस ते धनुष्य देवापुढे राहणार होतं. तिचं पाळणं मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच भरवशावर —

ती आंघोळीला गेली. मी बोल्ट फिरवायची अ‍ॅलन की घेतली आणि हळदकुंकू लागलेल्या त्या धनुष्याचे दोन्ही बोल्ट दीड-दीड फेरा सैल केले. सरकलेली फुलं परत जागेवर ठेवली. नमस्कार केला. हो, नमस्कारही केला.

दीड फेऱ्यात ओढ चार-पाच पौंडांनी उतरते. जवळून फरक दिसत नाही. चाळीस मीटरवर दिसतो.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं, असं विचाराल. काळजी, असं सांगितलं. या वयात नद्या ओलांडणं, ती थंडी, ते कडे. खोटं आहे. काळजी असती तर तोंडानं बोललो असतो. मला एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते म्हणता यावं म्हणून मी हे केलं.

दसऱ्याला सहा बाण गेले. सहाही वीतभर खाली, एकमेकांना चिकटून. मेधानं धनुष्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग बराच वेळ परत धनुष्याकडे. ग्रॅहम म्हणाला, "चाळीसवरून नाही, मेधा. पण हात पक्का आहे तुझा. वीसच्या आत जाऊन मारणार असशील तर चल."

वीसच्या आत, रानातल्या वापिटीला. त्याला आपला वास यायच्या आत, काटकी मोडायच्या आत. मला वाटलं, मिटलं प्रकरण. आणि गाडीत बसताना मी ते वाक्य म्हणून घेतलं: "तरी मी सांगत होतो, चोपन्न कमी पडणार."

तिनं धनुष्य मांडीवर घेतलं आणि गाडीचा पट्टा लावला.

अजून एक सांगायला हवं, कारण ते याहून वाईट आहे. जोर कमी पडलेला बाण जनावराला मारत नाही, दिवसभर मरत ठेवतो — हे मी त्याच महिन्यात वाचलेलं होतं. पुढचे सहा महिने ती त्याच धनुष्यावर सराव करत होती आणि मी तिला सांगितलं नाही.

तुम्ही मेधाला ओळखत नव्हता. तिनं चालणं शिकायला घेतलं. उन्हाळाभर पोर्ट हिल्सवर, बुटांवरून लोकरीचे मोजे चढवून, वारा कुठला ते बघायला टाल्कम पावडरीची बाटली दाबत. आणि घरी सराव माझ्यावर. मी खुर्चीत वाचत असायचो. मागून खांद्यावर एक बोट टेकायचं.

"मेलास."

आमच्या घराच्या फळ्या मांजरानंही कुरकुरतात. पण मला एकदाही चाहूल लागली नाही. "कितव्या पानावर मेलास ते बघून ठेव," म्हणायची, आणि बाणाचं तुटकं पीस त्या पानात खूण म्हणून घालून आत निघून जायची.

एप्रिलात ती टोळीबरोबर गेली आणि तिनं वापिटी आणला. पुढचं ग्रॅहमच्या तोंडचं: पावसात तीन तास ती पोटावर सरकत होती. वापिटी शीळ घालत उभा होता. ती गुडघ्यावर आली, सावकाश दोरी ओढली, आणि बाण आरपार गेला. तो थोडं चालला आणि आडवा झाला. ग्रॅहमनं पावलं मोजली. सतरा. "चाळीस वर्षं जातोय मी तिकडे," तो म्हणाला, "मला सतरावर अजून एकही मिळालेला नाही."

घरी आली तेव्हा गुडघे सोललेले, केसांत चिखल, आणि तोंड असं उजळलेलं की लग्नातही ते तसं नव्हतं. तिनं त्या मांसाचा तांबडा रस्सा केला. ग्रॅहमच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. तो म्हणाला, "हा आधीच न्यायचा होतास, बाण वाचला असता." मीही खाल्ला. दोन वाट्या.

तेव्हा बोलता आलं असतं. पुढे नऊ वर्षं, जो कुणी घरी येई त्याला ती भिंतीवरची वापिटीची शिंगं दाखवून सांगायची, "चाळीसवरून मला जमत नव्हतं हो, माझाच हात कमी पडत होता." सांगताना माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, कौतुक हवंय तिला. मी मान डोलवायचो.

मेधा जुलैत गेली, यंदाची खंडेनवमी मी एकट्यानं केली. कोवाईची फुलं आणली, धनुष्य खाली काढलं, चष्मा लावून ओल्या फडक्यानं पुसलं. बोल्टच्या माथ्यावर नेलपॉलिशचा ठिपका होता, मरून रंगाचा. त्याच्या जोडीचा मरून ठिपका पात्यावर — पण समोर नाही, बरोबर पलीकडच्या बाजूला, अर्धा फेरा दूर; पूर्ण फेरा खुणेत दिसत नाही, वरचा अर्धाच दिसतो. आणि बोल्टचा ठिपका आता जिथे होता, तिथे पात्यावर आणखी एक ठिपका. केशरी. दुसऱ्या बोल्टवरही तसंच.

मी ग्रॅहमला फोन केला.

"मरून? ते पहिल्याच दिवशी, दुकानातून निघायच्या आधी. सगळेच करतात तशी खूण. बोल्ट हलला तर कळतं."

"आणि केशरी?"

"मग हललेला तिला दिसला असणार. आणि तिनं तो तिथेच ठेवला."

बोल्ट परत घट्ट करायला एक मिनिट लागतं. तिनं नेलपॉलिशची बाटली काढली, मी जिथे ठेवलं होतं तिथे नवी खूण केली, आणि ते तसंच घेऊन ती सतरा पावलांपर्यंत गेली. घरात आम्ही दोघंच होतो. तिसऱ्या कुणाचा संशय तिला घ्यावाच लागला नाही.

कुणी म्हणेल, म्हणून तर ती एवढ्या जवळ जायला शिकली. नाही. ते सगळं तिचं. माझा त्यात फक्त दीड फेरा आहे.

धनुष्य मी पुजलं आणि त्या दिवशी त्याला हात लावला नाही. दसऱ्याला परत शिंगांखाली टांगलं, बोल्ट केशरी खुणेवरच आहेत. जनावरापर्यंत ती सतरा पावलं गेली. माझ्यापर्यंत ती रोज येत होती, बोट टेकवून सांगत होती, आणि मी हसून पुढचं पान उलटत होतो.