सगळ्यात महाग कोटेशन

जगातल्या यच्चयावत गावांत कांदा काय भावाने मिळतो हे तोंडपाठ असलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. इंदूरच्या कांद्याचा भाव मात्र काकांना विचारू नये. तो मावशीला माहीत असतो, कारण कांदे तीच आणते. काकांचं सगळं लक्ष गेली दोन वर्षं परदेशात लागलेलं होतं. कुठल्यातरी स्वस्त देशात, पेन्शन आणि ठेवींच्या व्याजावर, उरलेलं आयुष्य ऐटीत काढायचं आणि त्यासाठी स्नेहलतागंजातलं घर विकून टाकायचं, असा त्यांचा बेत होता. मावशीला त्या घरातून गावातल्याच सराफा बाजारापर्यंत न्यायचं तरी दोन दिवस आधी सांगावं लागतं. तिची बाजू घेणारं कुणीतरी हवं, म्हणून ते काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

काका सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात होते. तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी भाव असेल त्याला ऑर्डर द्यायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होताना एक घड्याळ, एक शाल आणि ही खोड घेऊन ते घरी आले. दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांनी तीन डेंटिस्टांचे भाव मागवले. तिसऱ्याचा येईपर्यंत दाढ आपणहून पडली, आणि "देखा, झीरो में काम हो गया!" म्हणत ते गाल धरून आठवडाभर मिरवत होते. एकुलत्या एका मुलाच्या, नीलेशच्या लग्नात तर त्यांनी गुरुजींना "बाकी दोघांचे रेट आलेत, तुमचा सांगा" असं तोंडावर सुनावलं होतं. नीलेश त्यानंतर लवकरच अमेरिकेला गेला. गुरुजी तेव्हापासून आमच्या नात्यात कुणाकडेच आले नाहीत.

तेव्हा देशांचीही तीनच कोटेशनं आली: व्हिएतनाम, जॉर्जिया आणि पोर्तुगाल. परदेशात थोड्या पैशांत राहणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ काका वही घेऊन बघत. एखादी बाई हसत हसत आपला फ्रिज उघडून दाखवायला लागली की ते व्हिडिओ थांबवून वैतागत, "हिने गॅसचं काही सांगितलंच नाही. चीटिंग करून राहिलीय." भाव सगळ्यात कमी व्हिएतनामचा होता, म्हणून एक महिना घरातच व्हिएतनामची तालीम झाली. पोहे बंद, शेव बंद, जेवायला भात आणि उकडलेल्या भाज्या, आणि लग्नामुंजीला जाणं बंद, कारण 'आपण इथे नाहीच'. मावशीने चुपचाप भात रांधला. याच महिन्यात एका सकाळी काका मला पोह्यांच्या ठेल्यावर सापडले. "भिया, जीरावन थोड़ा और," असं म्हणत वरच्या मसाल्यासाठी प्लेट पुढे केलेली होती. मी हाक मारली, तर माझ्याकडे अनोळखी नजरेने बघून म्हणाले, "मला बोलवू नकोस. मी इस महीने बाहेर आहे." आणि शांतपणे दुसरी प्लेट सांगितली.

एवढं झाल्यावर त्यांनी निवडलं काय, तर पोर्तुगाल. तिघांत सगळ्यात महाग! गोऱ्यांच्या शेजारी राहायची हौस, दुसरं काय, असं मी चारचौघांत बोलून हशे मिळवले. काकांनी पोर्तुगीज शिकायला घेतलं आणि पहिला प्रयोग भाजीवाल्यावर केला. कोथिंबीर घेऊन त्यांनी खणखणीत आवाजात "ओब्रिगादो!" असे आभार मानले. "हटा रिया हूँ बाबूजी, गाड़ी हटा रिया हूँ," म्हणत बिचाऱ्याने ठेला पार नाक्यापर्यंत ढकलत नेला.

मग घराला गिऱ्हाईक लागलं. काकांचा फोन आला, "करारावर साक्षीदाराची सही लागते. आ जा." मी गेलो तो सही न करण्याच्या इराद्यानेच. या वयात मावशीला कुठे ओढत नेता, असं खडसावून विचारायचं, हे वाटेत घोकूनही ठेवलं होतं. काका खाली दलालाशी बोलत होते. टेबलावर तीन देशांचा तक्ता होता. कमी भाव सोडून महागाला ऑर्डर दिली की कारण लिहून ठेवावं लागतं, नाहीतर ऑडिटवाले पकडतात. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नीलेशच्या गावाहून थेट विमान. सात तास. इंदूरला यायचं तर दोन दिवस वाटेत जातात, सुट्टी पुरत नाही.'

मी वाचतोय हे मावशीने पाहिलं.

"मागच्या वेळी तो म्हणाला ना, आई, इंदूर बहुत दूर पडतं," ती म्हणाली. "तेव्हापासून हे नकाशा घेऊन बसलेत."

"आणि तू? तुला जायचंय?"

"मला इथे काय कमी आहे रे? पण तिथे तो शनिवार-रविवारी पण येऊ शकतो म्हणतात हे."

"नीलेशला सांगितलंय हे?"

"छे! सांगितलं तर त्याला यावंच लागेल. आपण जवळ जाऊन राहायचं. त्याला वाटलं तर येईल."

काका पेन घेऊन वर आले. "पढ़ लिया? सब करेक्ट आहे ना?" माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोन वर्षं मिळवलेल्या हशांची लाज वाटत होती. मी सही केली.

दोघं तिथे पोचल्यावर नीलेशने मला अमेरिकेतून फोन केला. "दादा, बाबांना हे काय सुचलं? तू तरी रोकायचं होतंस."

"तुला जवळ आहे," मी म्हणालो. "एकदा जाऊन ये."

"हो, बघतो," तो म्हणाला.

त्याला आता चार महिने झाले. मावशीचा दर रविवारी फोन येतो. ती नीलेशचं विचारत नाही, मीही तो विषय काढत नाही. ती तिथल्या हवेचं सांगते, आणि पाहुण्यांची खोली कशी मोठी आणि उजेडाची आहे, ते सांगते.