गुरुवारचा हॉटस्पॉट

माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला पासवर्ड नव्हता. टाकायचा राहिला होता असं नाही, मी तो मुद्दाम काढला होता. नावही बदललं होतं. आधी तिथे फोनच्या मॉडेलचं काहीतरी आकड्यांचं नाव होतं, ते पुसून मी ‘सर्वांसाठी’ असं ठेवलं. कुणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट थोड्या वेळाने आपोआप बंद व्हावा, अशी एक सोय फोनमध्ये असते. तीही मी काढून टाकली. दार उघडं ठेवायचं म्हटलं की ते वाऱ्याने लागूनही चालणार नाही, अशी माझी भूमिका. तेव्हा मला प्रत्येक गोष्टीत भूमिका असायची. अजूनही असते.

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळी गावात आम्ही कामगार राहायचो ती पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग होती. तिथे बाकी कुणाच्याच सिमला धड रेंज यायची नाही. माझ्या सिमला यायची, तीही फोन खिडकीत गजाला टेकवून उभा केला तर. आता टॉवर माझ्या खिडकीच्या बाजूला आहे, यात माझं कर्तृत्व काय? मग त्या रेंजवर मी मालकी कशी सांगणार? हा युक्तिवाद मी कुणी विचारलेलं नसतानाही ऐकवायचे.

हे सगळं घरातून आलेलं. पिंपरीतल्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कामगार संघटनेचे. जेवायला बसायचं तर आधी गठ्ठे सरकवावे लागत. शाळेत अक्षरं नीट लावायच्या आधी मला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ एका दमात वाचता येत होतं. आणि एका सकाळी कंपनीच्या गेटवरच्या यंत्राने बाबांचं कार्ड घेतलं नाही. लाल दिवा लागला. बाबांना वाटलं, कार्ड मळलं असेल. त्यांनी ते शर्टाला पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मागे रांग खोळंबली होती, लोक कुरकुरत होते, आणि बाबा पुन्हा पुन्हा कार्ड पुसत होते. आत बसून कुणीतरी त्यांना बंद केलं आहे, हे त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळलं. बाबा ही गोष्ट हसत सांगतात. मला तिच्यावर कधी हसता आलं नाही. आपण कधी कुठल्या गेटवर उभं राहून कुणाला अडवायचं नाही, हे मी तेव्हाच पक्कं केलं होतं.

तर असा माझा हॉटस्पॉट. रांगेतली माणसं कामावरून आली की त्यांचे फोन त्याला लागायचे. कुणी गावी बोलायचं, कुणी रील बघत पडायचं. फोन खिडकीत तापून तव्यासारखा व्हायचा, आणि मला उगाचच छाती फुगल्यासारखं वाटायचं.

माझ्या खोलीत लातूरकडची एक मुलगी राहायची. मेकॅनिकल डिप्लोमा झालेली, पण कंपनीत ट्रेनी म्हणून दिवसभर लाईनवर उभी राहून नट आवळायची. तिची ट्रेनिंगची मुदत त्या महिन्यात संपत होती. मुदत संपली की कंपनी दुसरी मुलगी घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या घरून निरोप आला होता: पक्की नोकरी असेल तर थांब, नाहीतर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीच्या डिझाईन विभागातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत ऑनलाइन, ड्रॉइंग लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवत समजावून सांगायचं. लॅपटॉप तिच्याकडे कॉलेजातला जुना होता. नेट माझं.

मुलाखतीला गुरुवार मिळाला, तेव्हा आम्ही दोघी खोलीत नाचलो. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. मुलाखत घेणारे दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बसणारे, त्यांचा गुरुवार साधाच. म्हणजे रजा नको, सुपरवायझरला पोटदुखीची थाप नको. पण गुरुवारी अख्खी रांग घरी असते, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. इतर दिवशी त्या वेळेला सगळ्यांचे फोन कंपन्यांच्या गेटवर लॉकरमध्ये पडलेले असतात. गुरुवारी ते सगळे उशाशी असतात, चार्जिंगला लावलेले.

आदल्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. भाजी चिरता चिरता ती थांबली.

“उद्या तेवढा पासवर्ड टाक.”

“कुणाला बाहेर ठेवायला?”

“मला सोडून सगळ्यांना.”

“आपण सांगू ना त्यांना. माणसं ऐकतात.”

“माणसं ऐकतेत गं. पण त्या शेवटच्या खोलीतले भाऊ मॅच लावून बसले की त्यांना बायकोचं ऐकू येईना, तुझं काय येणार?”

“मी सगळ्यांना समजावते.”

“ए पुढारीण,” तिने विळी बाजूला सारली. “इथं माझी नोकरी लागायलीय, तुझी सभा नाही भरायली.”

मी चिडले. ती जास्त चिडली. सभा, हक्क, अन्याय हे शब्द आमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत मी इतके वापरले की शेवटी तिने कानात बोटं घातली. पण मी हटले नाही. मी वहीचं पान फाडलं आणि पत्रक लिहिलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, उद्या सकाळी आपल्यातल्या एकीची मुलाखत आहे. तेवढा वेळ कृपया सर्वांनी हॉटस्पॉट सोडावा.’ ते सामाईक नळाच्या वरच्या भिंतीला चिकटवलं, कारण नळावर प्रत्येकाला यावंच लागतं. मग दारोदार फिरले.

मॅचवाले भाऊ पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये कामाला होते. ते म्हणाले, “ताई, तुम्ही सांगितलं आणि आपण नाही म्हटलं, असं झालंय का राव कधी? फक्त पेढे विसरू नका.”

रांगेच्या दुसऱ्या टोकाला घरमालकीण राहायची. मूळ कुरुळीचीच, वावर गेलं आणि तिथे खोल्या आल्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिची मुलगी सांगवीला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. रोज दुपारी ती व्हिडिओवरून आईला बाळ दाखवायची.

“व्हय, करते की बंद,” मावशी म्हणाली. “पर दुपारच्याला सोड हां पोरी. नात मान धराय लागलीया.”

सगळ्यांनी होकार दिला. मी खोलीत येऊन विजयी चेहऱ्याने बसले. ती तोंड फिरवून ड्रॉइंग चाळत होती.

सकाळी ट्रंकेवर लॅपटॉप, मागे भिंतीला स्वच्छ चादर. तिने माझा कुर्ता घातला होता. मी खिडकीपाशी, फोनच्या राखणीला. पलीकडे तीन चेहरे आले, ती नमस्कार म्हणाली, शिक्षण सांगितलं. सगळं सुरळीत. मग त्यांनी ड्रॉइंग उघडायला सांगितलं आणि त्यांचा आवाज तुटायला लागला. “आपण... भागाची... का...?” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “सर, पुन्हा सांगता का?” स्क्रीनवर अर्धवट उघडलेलं ड्रॉइंग तसंच अडकून राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त कॅमेऱ्याला दिसू नये असा हात ट्रंकेआड नेऊन मूठ आवळली.

मी फोन उचलला. जोडलेल्या फोनची यादी उघडली, आणि जवळजवळ अख्खी रांग तिथे हजर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दारातून बाहेर वाकून बघितलं. भाऊ नळावर दात घासत होते, दोन्ही हात मोकळे. त्यांची बायको कपडे पिळत होती. कुणीच काही बघत नव्हतं. माणसांनी शब्द पाळला होता, त्यांच्या फोननी नव्हता पाळला. लोकांनी फक्त जोडणी तोडली होती. ओळखीचं नेटवर्क दिसलं की फोन आपणहून जाऊन त्याला चिकटतो, आणि चार्जिंगला पडल्या पडल्या आपली सगळी ॲप ताजी करत बसतो. त्यांना माझं पत्रक कोण वाचून दाखवणार?

पासवर्ड आता टाकता येत नव्हता. तो टाकला की हॉटस्पॉट बंद होऊन नव्याने सुरू होतो. सगळ्यांबरोबर तीही तुटली असती. पुन्हा दारोदार जायला वेळ नव्हता. एकच गोष्ट हातात होती. यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘ब्लॉक’ असं लिहिलेलं होतं.

मी पहिलं नाव दाबलं. ‘आपला भाऊ’. तो गेला. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की का? आणि मी हो म्हणायचे. माझा अंगठा आधी थांबत होता, मग थांबेनासा झाला, आणि त्याचीच मला भीती वाटली. असंच कुणीतरी आत बसून, शांतपणे, एक बटण दाबून. शेवटी एक फोन राहिला, नुसती अक्षरं आणि आकडे, नाव नाही. तोही दाबला.

मागून तिचा आवाज ऐकू आला, स्वच्छ, सलग. “सर, इथे मापातला टॉलरन्स कमी ठेवला तर भाग बसेल, पण जोडायला वेळ लागेल. लाईनवर मी रोज बघते.” पलीकडून कुणीतरी म्हणालं, “ते कसं, जरा दाखवा.” ड्रॉइंग हललं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मुलाखत संपेपर्यंत वळले नाही.

संपल्यावर ती मला बिलगली. मी तिला बाजूला करून एकेक नाव सोडवायला लागले. भाऊ दारात आलेच. “ताई, लागंना की. आम्हाला पण कामावरून काढलं काय?” ते हसत होते. मी हसले नाही. ओळखीची सगळी नावं सोडवली. ते आकड्यांचं राहिलं. कुणाचं ते कळेना. रस्त्यावरून जाणारा कुणी असेल, असं मी ठरवलं. ‘सर्वांसाठी’ असं लिहून ठेवलेलं होतं, तरी ठरवलं.

पुढच्या गुरुवारी तिला मेल आला. निवड झाली होती. तिने आधी किंकाळी फोडली, मग घरी फोन लावला. “स्थळाला म्हणावं, थांब,” हे तिचं पहिलं वाक्य. मग आम्ही पेढे घेऊन रांगेत फिरलो. तिला भाऊंनी अडवलं, मी पुढे मावशीकडे गेले.

मावशी उंबऱ्यावर बसून पदराने फोन पुसत होती. काच पुसली, मागची बाजू पुसली, चार्जरच्या भोकात फुंकर मारली आणि पुन्हा दाबून बघितलं.

“माझाच बिघडलाय बघ,” ती म्हणाली. “आठ दिस झालं, नात दिसंना. लेक म्हणती आई, तूच कायतरी दाबलं असशील. आसंल बाई. लई पुसला, पर लागंना.”

मी पेढ्यांचा डबा तिथेच ठेवला आणि पळत खोलीत आले. खिडकीतला फोन घेतला, ते आकड्यांचं नाव शोधलं, सोडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रांगेच्या टोकावरून मावशीचा आवाज आला, सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल असा. “आली, आली! आगं, न्हाई गं, तुझं काय न्हाई, माझाच फोन मळला हुता.”

मला खोलीत थांबवेना. मी परत गेले. मावशी फोन हातभर लांब धरून बसली होती, आणि त्यात एक टक्कल असलेलं बाळ जांभई देत होतं.

“मावशी, फोन मळला नव्हता. मी बंद केला होता. तिची मुलाखत चालू होती, तुमचा फोन आपोआप लागला म्हणून. सगळ्यांचे केले, तुमचा सोडायचा राहिला.”

तिने मान वर केली. “तू?”

“हो. आणि तशीच वेळ आली तर पुन्हा करीन. पण पुन्हा केलं तर दारात येऊन सांगीन.”

फोनमधून तिची लेक विचारत होती, कोण आहे गं, काय झालं.

“काय न्हाई,” मावशी फोनमध्ये म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, “आठ दिस पुसत बसले की गं मी. सांगितलं आसतं तर येळ दिला नसता व्हय त्या पोरीला?” तिने डबा स्वतःकडे ओढला. “आता बस हितं. बाळाला बघ. आन् ते बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, सगळं मला दाखीव.”

मी तिच्या शेजारी बसले आणि दाखवायला लागले.