फोटोतला पोरगा आणि खुर्चीतला पोरगा

"काका, बाजूचे सगळे उडवा अन् वरचे उभे ठेवा." खुर्चीत बसल्या बसल्या हेमराजनं ऑर्डर सोडली.

आमचं सलून कुडव्यात. हेमराज नेहमीचं गिऱ्हाईक, घरची धानाची शेती, स्वभावानं सरळ. दुसऱ्या दिवशी तो अर्जुनीकडं पोरगी पाहायला निघाला होता. आधीच्या सगळ्या ठिकाणांहून नकार आलेला. त्याचं खापर तो आपल्या चेहऱ्यावर फोडत होता.

"मले सांग, तुझा चेहरा कसा आहे?"

"जसा आहे तसा आहे. कायले चिडवता?"

चिडवत नव्हतो. म्हणजे, थोडा चिडवत होतो. चेहरा उभट, हनुवटी लांब. अशा चेहऱ्याला कानाजवळ मशीन फिरवून फेड मारला आणि वर केसांचा मनोरा उभा केला, की तो आणखी हातभर लांब दिसतो. उभट चेहऱ्याला बाजूला भर हवी, वर केस बसके हवेत, आणि थोडे कपाळावर ओढलेले. गोल चेहऱ्याचं नेमकं उलटं. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा मोबाईलमधल्या हीरोंचा गोंधळ.

"पण आजकाल सगळेच उभे ठेवून राहिले," तो कुरकुरला.

"ठेवू दे. पोरगी त्यायले पाहणार हाय का तुले?"

त्यानं मान पुढं केली. मी कात्री-कंगव्यानं कापले, कल्ले भरीव ठेवले, हनुवटीवरची दाढी कमी केली. आरशात पाहून गडी स्वतःच लाजला. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मामाचा व्हिडिओ कॉल. "काय करून ठेवलं जी तुम्ही? हे लोक म्हणून राहिले, फोटोतला पोरगा हा नाहीच!"

बायोडाट्यावरचा फोटो जुना होता, मनोऱ्यासकट. आणि एकाला दाखवून दुसऱ्यालाच बोहल्यावर उभं करतील, ही धास्ती पोरीकडच्यांना असतेच. पोरीच्या आत्यानं चहाचा ट्रे परत आत नेला होता. आधार कार्ड काढलं, तर त्यातला हेमराज तिसराच कुणीतरी निघाला.

आत्याबाई स्क्रीनवर आल्या. "खरं सांगा, हाच तो पोरगा काय?"

"हाच आहे जी. लहानपणापासून माझ्याचकडं केस कापते."

"केसानं इतका फरक पडते?"

"नसता पडला तर माझं दुकान काऊन चाललं असतं?"

मागून हसू ऐकू आलं. पोरगीच होती. तिनं आत्याच्या हातातून फोन घेतला. "काका, हा कट कितीक दिवस राहते?"

"महिनाभर. मंग पुन्हा बसवा लागते."

"मंग मीच ह्यायले दर महिन्याले पाठवत जाईन. पण ते उभे नोका ठेवू बाप्पा कधी."

तिकडं मामा एकदम मोठ्यानं हसला. हेमराजला कुठं पाहावं तेच कळेना.

तेव्हापासून नियम केला आहे. पोरगी पाहायला निघालेला पोरगा खुर्चीत बसला, की मी कात्री नंतर उचलतो, आधी त्याचा बायोडाटा मागतो.