सहा ते सात पाणी

दीड महिन्यापूर्वी मी रोह्याला लेकीकडे होते. सकाळी चहा गाळत होते आणि पेणहून फोन आला, थोरले भाऊजी गेले. माझे मोठे दीर. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "आता तरी पाणी सुटेल!" लेक म्हणाली, "आई, असं बोलू नये गो, माणूस गेलाय." गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात खरं... पण मला ते येत नाही, काय करू?

भाऊजी नागोठण्याला कंपनीत पाईप फिटर होते. शिफ्ट करून आले की गल्लीत रुबाब असा, की जणू कंपनी त्यांच्याच पान्यावर चालते. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, वरचा मजला आणि टाकी त्यांच्याकडे, खालचा मजला आमच्याकडे. माझ्या स्वयंपाकघराची लाईन त्यांनी स्वतः टाकली, भिंत फोडून, लोखंडी पाईप आत गाडून, वरून गिलावा करून. "शंभर वर्षं बघायला नको," म्हणाले. वर्षभर पाणी छान आलं. मग एके दिवशी गच्चीवरचा आमच्या लाईनचा व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. पाणी सकाळी सहा ते सात. बस्स.

भांडले की मी! जिन्यात उभी राहून भांडले. "भाऊजी, तुमच्या नळाला दिवसभर पाणी, आम्ही काय पाप केलंय?"

"तासभर सोडतो ना? भरून ठेवायला हात दुखतात काय?"

"मग प्लंबर बोलावते, आमची वेगळी लाईन टाकून घेते."

"या घराला दुसऱ्याचा पाना लागणार नाय!" आणि दार आपटलं.

आमचे हे गरीब. म्हणायचे, दादाच्या तोंडाला नको लागूस. पुढे हे अंथरुणाला खिळले. दिवसातून चारदा चादरी बदलायच्या आणि दुपारी नळाला थेंब नाही. शेजारच्या विहिरीवरून बादल्या आणल्या मी, गुडघे धरून. वर त्यांच्या मोरीत पाणी पडल्याचा आवाज यायचा... तो आवाज मी विसरणार नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा आंघोळ घालायचं पाणी विहिरीचंच होतं.

भाऊजींचं तेरावं झालं आणि जाऊबाईंनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. मी वर गेले, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि उघडाच ठेवला. दिवसभर नळ सोडून भांडी घासली, उगीचच. दुसऱ्या दिवशी ओट्यामागची भिंत फुगली आणि संध्याकाळी गिलाव्याचा पोपडा धाडकन खाली, डाळीच्या पातेल्यात.

प्लंबर आला. भिंत फोडली, आतला कोपऱ्याचा जोड काढून माझ्यासमोर धरला. "काकू, आटे तिरके चढलेत. पहिल्यापासून झिरपत असणार. दिवसभर पाणी चालू ठेवलं असतं तर भिंत कधीच खाली आली असती."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "मला बोलले होते, सांगू नको गो कोणाला. कंपनीतला फिटर आणि घरातला जोड चुकला, लोक हसतील."

म्हणजे बघा. दुष्ट म्हणवून घेतलं, भाऊ तुटला तरी चाललं, पण जोड चुकला एवढं तोंडातून काढलं नाही. एक शब्द बोलले असते तर मी हसले असते का हो? हसले असते. पण एकदाच! आणि प्लंबर बोलावून मोकळी झाले असते.

आता नवी लाईन भिंतीच्या बाहेरून घेतली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. पाणी केव्हाही येतं. तरी सहाला डोळा उघडतो आणि मी उठून हंडा, कळशी, टोप, दुधाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते. लेक आली होती, ती म्हणाली, "आई, नळाला पाणी हाय ना, मग हे कशाला?" रात्री ते सगळं पाणी जास्वंदीला ओतते, आणि सकाळी पुन्हा भरते. माणूस गेला, पण माझा सहा ते सातचा तास अजून त्याने सोडलेला नाही.